कायद्याने उभारलेली भिंत

प्रस्तावना

माणसामाणसांत भेद मानण्याची वृत्ती जगाच्या पाठीवर सर्वत्र आढळते. कुठे जातीवरून, कुठे धर्मावरून, तर कुठे कातडीच्या रंगावरून माणसाची किंमत ठरवली गेली. बहुधा असे भेद रूढीच्या आधाराने टिकून राहतात. दक्षिण आफ्रिकेत मात्र विसाव्या शतकाच्या मध्यावर एका सरकारने भेद हाच राज्यकारभाराचा पाया बनवला. माणसाने कुठे राहावे, कोणत्या शाळेत शिकावे, कोणते काम करावे, कोणाशी विवाह करावा, एवढेच नव्हे तर मेल्यावर त्याला कोणत्या दफनभूमीत पुरावे, हे सारे त्याच्या वर्णावरून सरकारदप्तरी ठरू लागले. या व्यवस्थेला ‘अपार्थाइड’ असे नाव होते. आफ्रिकान्स भाषेतील या शब्दाचा अर्थ ‘वेगळेपण’ असा आहे. मराठीत आपण तिला ‘वर्णभेद’ म्हणतो. ही व्यवस्था कशी उभी राहिली, तिच्याखाली माणसे कशी जगली आणि अखेर ती कशी कोसळली, याची हकिकत प्रस्तुत पाठात आली आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही :
• दक्षिण आफ्रिकेतील वर्णभेदाची कारणे सांगू शकाल;
• वर्णभेदाचे प्रमुख कायदे व त्यांचा सामान्य माणसाच्या जीवनावरील परिणाम स्पष्ट करू शकाल;
• वर्णभेदाविरुद्धच्या लढ्याचे टप्पे कालक्रमाने मांडू शकाल;
• या लढ्याशी असलेला भारताचा संबंध सांगू शकाल;
• अन्याय झाकणारी भाषा ओळखू शकाल.

मूळ पाठ

१. भेदाची मुळे

इ. स. १६५२ मध्ये यान फान रिबेक हा डच ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी आफ्रिकेच्या दक्षिण टोकाशी उतरला. पूर्वेकडे जाणाऱ्या जहाजांना ताजे अन्नपाणी मिळावे, एवढाच कंपनीचा हेतू होता. पण तळाची वसाहत झाली आणि वसाहतवाले आत आत सरकू लागले. या डच वंशाच्या शेतकऱ्यांना ‘बोअर’ म्हणत. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रजांनी केप प्रांत ताब्यात घेतला. जमिनीचे मूळ धनी असलेले आफ्रिकी लोक या दोन्ही सत्तांच्या चढाओढीत भरडले गेले.

किंबर्ली येथे हिरे आणि १८८६ मध्ये विटवॉटर्सरँड येथे सोने सापडले, तेव्हा या देशाचे नशीब पालटले. सोने जमिनीत फार खोल होते. ते वर काढण्यासाठी हजारो मजूर हवे होते आणि तेही अत्यल्प मजुरीवर. स्वतःच्या शेतावर पोट भरणारा माणूस खाणीच्या काळोखात कशाला उतरेल? म्हणून त्याची जमीन काढून घेणे आणि त्याच्यावर कर लादणे, हे दोन उपाय योजले गेले. १९१० मध्ये इंग्रज व बोअर यांच्या प्रांतांचे मिळून ‘दक्षिण आफ्रिका संघराज्य’ बनले. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९१३ साली, जमिनीचा कायदा झाला. या कायद्याने बहुसंख्य आफ्रिकी लोकांसाठी देशातील केवळ सात टक्के जमीन राखून ठेवली. १९३६ मध्ये हे प्रमाण वाढवून सुमारे तेरा टक्क्यांवर नेण्याचे ठरले. उरलेल्या भूमीवर जमीन विकत घेण्याचा हक्कच त्यांना उरला नाही. अशा रीतीने, ‘अपार्थाइड’ हा शब्द राजकारणात रूढ होण्यापूर्वीच त्याचा पाया घातला गेला होता. रंगाविषयीचा तिटकारा त्यात होताच; पण त्याहून मोठा होता तो स्वस्त मजुराचा लोभ.

२. भारताशी नाते

१८६० च्या नोव्हेंबर महिन्यात ‘ट्रुरो’ नावाचे जहाज मद्रासहून डर्बन बंदराला लागले. त्यात नाताळ प्रांतातील उसाच्या मळ्यांसाठी करारबद्ध झालेले भारतीय मजूर होते. या मजुरांना ‘गिरमिटिया’ म्हणत. त्यांच्यामागून व्यापारीही गेले. कालांतराने या भारतीयांवरही निर्बंध आले. करार संपलेल्या मजुरांवर तीन पौंडांचा जाचक कर बसवण्यात आला.

१८९३ मध्ये पहिल्या वर्गाचे तिकीट जवळ असतानाही मोहनदास गांधी या तरुण वकिलाला पीटरमॅरिट्सबर्ग स्थानकावर गाडीतून उतरवण्यात आले. १९०६ मध्ये जोहान्सबर्गच्या सभेत अन्यायी कायदा न मानण्याची शपथ घेतली गेली आणि पुढे ‘सत्याग्रह’ म्हणून ओळखली गेलेली लढ्याची पद्धत जन्माला आली. महाराष्ट्राचे नेते गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९१० साली कायदेमंडळात नाताळला गिरमिटिया मजूर पाठवणे थांबवण्याचा ठराव मांडला. १९१२ मध्ये ते स्वतः दक्षिण आफ्रिकेत गेले. तेथील मंत्र्यांना भेटून त्यांनी तीन पौंडांच्या कराचा प्रश्न धसास लावण्याचा प्रयत्न केला. कर रद्द होईल, अशी आशा घेऊन गोखले परतले. पण तसे घडले नाही. १९१३ चा मोठा सत्याग्रह झाला, तेव्हा कुठे पुढील वर्षी तो कर गेला.

पाठगत प्रश्न १

रिकाम्या जागी योग्य शब्द लिहा.
(अ) विटवॉटर्सरँड येथे ______ सापडले.
(आ) १९१३ च्या कायद्याने आफ्रिकी लोकांसाठी केवळ ______ टक्के जमीन राखली.
(इ) १९१२ मध्ये ______ हे दक्षिण आफ्रिकेत गेले.

३. भिंतीच्या विटा

१९४८ च्या निवडणुकीत डी. एफ. मलान यांचा ‘नॅशनल पक्ष’ सत्तेवर आला. मतदान जवळजवळ सर्वस्वी गोऱ्यांपुरते मर्यादित होते आणि गोरे तर लोकसंख्येच्या सुमारे एक-पंचमांश होते. त्यातही विरोधी पक्षाला अधिक मते पडली होती. जागा मात्र मलान यांच्या बाजूला जास्त मिळाल्या. अशा तुटपुंज्या आधारावर पुढच्या जवळजवळ अर्ध्या शतकाची सत्ता उभी राहिली.

नव्या सरकारने एकामागून एक कायदे केले. १९४९ मध्ये गोरे आणि इतर यांच्यातील विवाहांना बंदी आली. १९५० च्या लोकसंख्या नोंदणी कायद्याने प्रत्येक व्यक्तीची एका वर्णगटात नोंद होऊ लागली. गोरे, आफ्रिकी, मिश्रवंशीय आणि पुढे भारतीय असे हे गट होते. माणूस कोणत्या गटातला, हे कसे ठरवायचे? रूप, बोलणे, ओळखीपाळखी यांवरून अधिकारी निर्णय देत. कधीकधी केसांत पेन्सिल खोचली जाई. ती खाली पडली तर एक गट, अडकून राहिली तर दुसरा. एकाच आईची दोन मुले दोन गटांत पडल्याची उदाहरणे घडली. लाकडाच्या एका कांडीवर माणसाचे घर, शाळा आणि भविष्य अवलंबून राहू लागले.

त्याच वर्षीच्या निवासगट कायद्याने शहरांचे वर्णवार तुकडे पाडले. जोहान्सबर्गजवळील सोफियाटाउन ही संगीताने आणि गजबजाटाने भरलेली वस्ती होती. १९५५ पासून तेथील लोकांना पोलिसांच्या पहाऱ्यात ट्रकमध्ये घालून दूर नेण्यात आले. मोकळ्या जागेवर गोऱ्यांची वसाहत उभी राहिली. तिचे नाव ठेवण्यात आले ‘ट्रायोम्फ’, म्हणजे ‘विजय’. केपटाउनमधील ‘डिस्ट्रिक्ट सिक्स’ ही वस्ती १९६६ मध्ये गोऱ्यांसाठी घोषित झाली. साठ हजारांहून अधिक माणसे तेथून उठवली गेली.

१९५३ च्या एका कायद्याने उद्यानातील बाक, टपाल कचेरीची खिडकी, समुद्रकिनारा, बसगाडी अशा साऱ्या सार्वजनिक सोयी वेगवेगळ्या केल्या. सोयी वेगळ्या असल्या तरी त्या समान दर्जाच्या असाव्यात, असे न्यायालयांनी म्हटले होते. या कायद्याने तीही अट काढून टाकली. सोयी असमान असल्या तरी चालतील, हे त्यात स्पष्टच नमूद होते.

सर्वांत जाचक होते ते ओळखपत्रांचे कायदे. १९५२ मध्ये जुने परवाने रद्द करून त्यांच्या जागी एकच पुस्तिका आणण्यात आली. कायद्याच्या नावात ‘परवाने रद्द करणे’ असे शब्द होते. प्रत्यक्षात बंधन अधिकच आवळले गेले. सोळा वर्षांवरील प्रत्येक आफ्रिकी व्यक्तीने ही पुस्तिका सदैव जवळ बाळगावी लागे. तीत छायाचित्र, मालकाची सही, कराची नोंद असे. विशेष हक्क नसेल, तर परवानगीशिवाय शहरात बहात्तर तासांहून अधिक काळ राहणे हा गुन्हा ठरे. नवरा शहरातील मजुरांच्या वसतिगृहात आणि बायकामुले दूर खेड्यात, अशी असंख्य कुटुंबे दुभंगली. घरी विसरलेल्या पुस्तिकेपायी माणसे तुरुंगात जात.

४. शाळेची दारे

शिक्षणाचा प्रश्न या हकिकतीत विशेष महत्त्वाचा आहे. १९५३ पर्यंत आफ्रिकी मुलांच्या बहुतेक शाळा ख्रिस्ती मिशनरी चालवीत. त्यांतूनच नेल्सन मंडेला यांच्यासारखे अनेक नेते तयार झाले होते. त्या वर्षीच्या ‘बांटू शिक्षण कायद्या’ने या शाळा सरकारच्या ताब्यात आणल्या. या धोरणाचे शिल्पकार हेंड्रिक फर्वुर्ट हे होते. गोऱ्यांच्या समाजात ठरावीक प्रकारच्या मजुरीच्या पलीकडे आफ्रिकी माणसाला स्थान नाही. मग त्याला त्याहून अधिक शिकवण्यात अर्थ काय, असा त्यांचा युक्तिवाद होता. गोऱ्या मुलावर होणाऱ्या खर्चाचा अगदी अल्प अंश काळ्या मुलाच्या वाट्याला येई.

अज्ञान ही केवळ उणीव नव्हती. ते सरकारचे उद्दिष्ट होते. गुलामीसाठी साखळदंडाचीच गरज असते असे नाही. हातात पुस्तक येऊ न देणेही पुरेसे असते.

पुढे फर्वुर्ट पंतप्रधान झाले. त्यांनी या धोरणाला तार्किक टोक दिले. आफ्रिकी लोकांना भाषा व टोळीनुसार दहा ‘बांटुस्तानां’त वाटून टाकायचे आणि ते तिथलेच नागरिक मानायचे, अशी ही योजना होती. १९७६ ते १९८१ या काळात त्यांपैकी चार प्रदेश ‘स्वतंत्र’ म्हणून जाहीर झाले. जगातील अन्य कोणत्याही देशाने हे स्वातंत्र्य मान्य केले नाही. परंतु लक्षावधी माणसे एका सहीनिशी आपल्याच मायभूमीत परकी ठरली.

पाठगत प्रश्न २

योग्य पर्याय निवडा.
(अ) लोकसंख्या नोंदणी कायदा झाला ते वर्ष : (१) १९१३ (२) १९५० (३) १९६६
(आ) सोफियाटाउनच्या जागी वसलेल्या वसाहतीच्या नावाचा अर्थ : (१) शांती (२) विजय (३) आशा
(इ) बांटू शिक्षण कायद्याचा हेतू : (१) सर्वांना समान शिक्षण देणे (२) मिशनरी शाळांना मदत करणे (३) आफ्रिकी मुलांना मजुरीपुरतेच शिकवणे

५. प्रतिकार

अन्यायाला विरोध प्रथमपासून होता. १९१२ मध्ये स्थापन झालेली संस्था पुढे ‘आफ्रिकन नॅशनल काँग्रेस’ या नावाने प्रसिद्ध झाली. १९५२ मध्ये या संघटनेने भारतीय काँग्रेसच्या साथीने अवज्ञा चळवळ सुरू केली. स्वयंसेवक मुद्दाम ‘फक्त गोऱ्यांसाठी’ असलेल्या दारांतून आत जात आणि अटक करवून घेत. आठ हजारांहून अधिक लोक तुरुंगात गेले. १९५५ मध्ये क्लिपटाउन येथे सर्व वर्णांचे प्रतिनिधी जमले. हा देश त्यात राहणाऱ्या सर्वांचा आहे, अशा आशयाची स्वातंत्र्याची सनद त्यांनी मंजूर केली. ९ ऑगस्ट १९५६ रोजी सुमारे वीस हजार स्त्रिया पुस्तिकांच्या सक्तीविरुद्ध प्रिटोरियातील सचिवालयावर चालून गेल्या. लिलियन एन्गोयी, हेलन जोसेफ, रहिमा मूसा आणि सोफी विल्यम्स या चार वेगवेगळ्या गटांतील स्त्रिया मोर्चाच्या अग्रभागी होत्या. कायद्याने ज्यांना एका बाकावर बसू दिले नसते, त्या एका रांगेत चालत होत्या.

२१ मार्च १९६० रोजी शार्पव्हिल येथे लोक आपल्या पुस्तिका घरी ठेवून पोलीस ठाण्यासमोर जमले. पोलिसांनी गोळीबार केला. ६९ जण मृत्युमुखी पडल्याची अधिकृत नोंद झाली. अनेकांना पाठीत गोळ्या लागल्या होत्या. काही दिवसांतच लोकांच्या संघटनांवर बंदी आली. शांततेचे सारे मार्ग बंद झाल्यावर मंडेला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ अखेर सशस्त्र प्रतिकाराचा मार्ग स्वीकारला. या निर्णयाविषयी चळवळीतही मतभेद होते. १२ जून १९६४ रोजी रिव्होनिया खटल्यात आठ जणांना जन्मठेप झाली.

वर्णभेदाने तुरुंगाच्या आतही पाठ सोडली नाही. आठांपैकी गोरे असलेले डेनिस गोल्डबर्ग यांना प्रिटोरियाच्या तुरुंगात वेगळे ठेवले गेले. इतरांना रॉबेन बेटावर नेले गेले. तेथे भारतीय वंशाचे अहमद कथराडा यांना लांब विजार मिळाली, तर वयाने व मानाने मोठ्या असलेल्या मंडेलांना आखूड. कथराडांना पाव मिळे; आफ्रिकी कैद्यांना तो मिळत नसे.

दिवसभर चुन्याच्या खाणीत दगड फोडणारे हे कैदी एकमेकांना शिकवीत. ज्याला जे येत होते ते त्याने दुसऱ्याला द्यायचे, असा शिरस्ता पडला. निरक्षर म्हणून आलेले कैदी तेथे लिहावाचायला शिकले. मंडेला यांनी दूरशिक्षणाने कायद्याचा अभ्यास चालू ठेवला. मध्यंतरी शिक्षा म्हणून चार वर्षे त्यांची अभ्यासाची सवलतच काढून घेण्यात आली होती. तरीही, ‘युनिव्हर्सिटी ऑफ साउथ आफ्रिका’ या दूरशिक्षण देणाऱ्या विद्यापीठाची कायद्याची पदवी त्यांनी १९८९ मध्ये, वयाची सत्तरी ओलांडल्यावर, कैदी असतानाच मिळवली.

इकडे नवी पिढी पेटून उठली होती. गणितासारखे विषय आफ्रिकान्स भाषेतून शिकण्याची सक्ती झाल्यावर १६ जून १९७६ रोजी सोवेटोतील हजारो विद्यार्थी रस्त्यावर उतरले. पोलिसांच्या गोळ्यांना शाळकरी मुले बळी पडली. उठाव देशभर पसरला आणि पुढील महिन्यांत शेकडो जण प्राणास मुकले. काळ्या माणसाने प्रथम स्वतःच्या मनातील न्यूनगंड झटकावा, असे सांगणारे तरुण नेते स्टीव्ह बिको १९७७ मध्ये पोलिसांच्या कोठडीत झालेल्या मारहाणीने मरण पावले.

६. भिंत खचू लागली

भारताने या प्रश्नावर लवकर आवाज उठवला. १९४६ मध्येच भारताने दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला आणि संयुक्त राष्ट्रसंघात तेथील भारतीयांच्या छळाचा प्रश्न मांडला. विजयालक्ष्मी पंडित यांनी त्या वेळी भारताची बाजू समर्थपणे मांडली. १९७४ मध्ये भारताचा टेनिस संघ डेव्हिस चषकाच्या अंतिम फेरीत पोहोचला. प्रतिस्पर्धी दक्षिण आफ्रिका होता. भारताने खेळण्यास नकार दिला आणि चषक न खेळताच प्रतिस्पर्ध्याला गेला. एक मोठा विजय हातचा सोडून भारताने आपली भूमिका राखली. ऑलिंपिक चळवळीनेही १९७० मध्ये दक्षिण आफ्रिकेला बाहेर काढले होते. १९७७ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने शस्त्रविक्रीवर सक्तीची बंदी घातली.

तथापि केवळ बाहेरच्या दडपणाने ही व्यवस्था पडली, असे म्हणणे बरोबर होणार नाही. ज्या स्वस्त मजुरीसाठी ती उभारली होती, तीच आता अडचणीची ठरत होती. कारखान्यांना कुशल कामगार हवे होते. पण बहुसंख्य जनतेला तर शिकूच दिले नव्हते. १९७३ मध्ये डर्बनच्या कामगारांनी मोठे संप केले. त्यानंतर कामगार संघटना बळावत गेल्या. १९८३ मध्ये सरकारने मिश्रवंशीय व भारतीय यांच्यासाठी संसदेची वेगळी सभागृहे काढण्याचे ठरवले; आफ्रिकी जनतेला मात्र पूर्णपणे वगळले. या फोडाफोडीला उत्तर म्हणून शेकडो संघटनांची ‘संयुक्त लोकशाही आघाडी’ उभी राहिली. वस्त्या धगधगू लागल्या. १९८५ मध्ये आणीबाणी पुकारली गेली. त्याच वर्षी परदेशी बँकांनी कर्जाची मुदत वाढवून देण्यास नकार दिला. १९८६ मध्ये ओळखपुस्तिकांचे कायदे रद्द करणे सरकारला भाग पडले. पुढे शीतयुद्ध संपले आणि साम्यवादाचा बागुलबुवा दाखवून पाश्चात्त्य देशांचा पाठिंबा मिळवण्याचा मार्गही बंद झाला.

१९८९ मध्ये एफ. डब्ल्यू. डी क्लार्क अध्यक्ष झाले. २ फेब्रुवारी १९९० रोजी त्यांनी संघटनांवरील बंदी उठवली आणि ११ फेब्रुवारीला मंडेला सत्तावीस वर्षांच्या बंदिवासानंतर मुक्त झाले. त्याच वर्षी भारताने त्यांना ‘भारतरत्न’ देऊन गौरवले. १९९१ मध्ये जमीन, निवासगट आणि लोकसंख्या नोंदणी यांचे मूळ कायदे रद्द झाले.

वाटाघाटींची ही वर्षे रक्तरंजित होती. राजकीय हिंसाचारात हजारो माणसे मेली. १० एप्रिल १९९३ रोजी लोकप्रिय नेते क्रिस हानी यांची एका गोऱ्या मारेकऱ्याने हत्या केली. देश यादवीच्या उंबरठ्यावर उभा राहिला. अशा वेळी मंडेला दूरचित्रवाणीवरून बोलले. मारेकऱ्याच्या गाडीचा क्रमांक कळवून त्याला पकडून देणारी स्त्रीही गोरीच होती, याची त्यांनी लोकांना आठवण करून दिली. सूडाची भाषा त्यांनी केली नाही. अखेर एप्रिल १९९४ मध्ये सर्व वर्णांच्या प्रौढांनी प्रथमच एकत्र मतदान केले. मैलोगणती रांगा लागल्या. आयुष्यात पहिल्यांदा मत देणारी म्हातारी माणसे तासन्‌तास उन्हात उभी होती. १० मे १९९४ रोजी मंडेला राष्ट्राध्यक्ष झाले.

७. सत्य आणि समेट

सत्ता बदलली, पण छळ करणारे आणि छळ सोसणारे एकाच देशात राहणार होते. सर्वांना शिक्षा करावी, तर देश पुन्हा पेटेल. सारे विसरावे, तर मृतांचा अपमान होईल. या पेचातून ‘सत्य आणि समेट आयोगा’चा मार्ग निघाला. आर्चबिशप डेस्मंड टुटू त्याचे अध्यक्ष होते. १९९६ पासून आयोगाने गावोगाव जाहीर सुनावण्या घेतल्या. राजकीय हेतूने गुन्हा केलेल्याने सर्व सत्य उघड सांगितले, तर त्याला माफी मिळू शकत होती. सात हजारांहून अधिक अर्ज आले. त्यांतील बहुसंख्य फेटाळले गेले.

हा मार्ग सर्वांना पटला नाही. स्टीव्ह बिको यांच्या कुटुंबीयांनी माफीच्या तरतुदीला न्यायालयात आव्हान दिले. सत्याच्या मोबदल्यात न्याय का सोडावा, हा त्यांचा प्रश्न होता. घटनात्मक न्यायालयाने तरतूद वैध ठरवली. तथापि, बिको यांच्या मृत्यूशी संबंधित पोलिसांना आयोगाने १९९९ मध्ये माफी नाकारली. ज्यांचे मूल परत आले नाही, त्यांना क्षमेचा उपदेश करणे सोपे असते. ती क्षमा करणे सोपे नसते, हे या प्रकरणाने दाखवून दिले.

कायदे रद्द झाल्याने त्यांचे परिणाम पुसले जात नाहीत. जमीन, घरे, शाळा, नोकऱ्या यांची विषम वाटणी पिढ्यान्‌पिढ्या चालत राहते. जगातील सर्वाधिक आर्थिक विषमता असलेल्या देशांत दक्षिण आफ्रिकेची आजही गणना होते. नव्या राज्यघटनेने समतेचे वचन दिले आहे. ते पुरे करण्याचे काम अजून चालू आहे.

जोहान्सबर्गमधील घटनात्मक न्यायालयाची इमारत एका जुन्या तुरुंगाच्या आवारात उभी आहे. त्या तुरुंगात गांधीजीही होते आणि मंडेलाही. पाडलेल्या कैदखान्याच्या विटा या न्यायालयाच्या बांधकामात वापरल्या आहेत. भिंत पडली तरी विटा उरतात. त्यांचे पुढे काय करायचे, हे माणसांनी ठरवायचे असते.

पाठगत प्रश्न ३

चूक की बरोबर ते लिहा.
(अ) रिव्होनिया खटल्यातील आठही जणांना रॉबेन बेटावर ठेवले गेले.
(आ) १९७४ मध्ये भारताने डेव्हिस चषकाचा अंतिम सामना खेळण्यास नकार दिला.
(इ) आयोगाने माफीचे बहुसंख्य अर्ज मान्य केले.

शब्दार्थ

धसास लावणे – शेवटापर्यंत नेणे
तुटपुंजा – अपुरा
अवज्ञा – आज्ञा न मानणे
शिरस्ता – रीत, प्रघात
न्यूनगंड – स्वतःला कमी लेखण्याची भावना
बागुलबुवा – खोटी भीती दाखवण्यासाठी उभे केलेले चित्र
यादवी – आपसांतील युद्ध
समेट – तडजोड, मनोमीलन

भाषाभ्यास

पुढील दोन वाक्ये वाचा.
(१) लोकांना दूर नेण्यात आले.
(२) पोलिसांनी लोकांना दूर नेले.
दोन्ही वाक्यांतील घटना एकच आहे. परंतु पहिल्या वाक्यात ती करणारा कोण, हे कळत नाही. सरकारी कागदपत्रांत अशी रचना पुष्कळदा आढळते. करणारा माहीत नसेल किंवा महत्त्वाचा नसेल, तेव्हा ती योग्यच असते. पण जबाबदारी झाकण्यासाठीही तिचा उपयोग होतो. परवाने अधिक जाचक करणाऱ्या कायद्याच्या नावात ‘रद्द करणे’ हे शब्द घालणे, हेही भाषेने सत्य झाकण्याचेच उदाहरण आहे. मूळ पाठातून पहिल्या प्रकारची आणखी दोन वाक्ये शोधा व ती दुसऱ्या प्रकारे लिहा.

तुम्ही काय शिकलात

• वर्णभेदाच्या मुळाशी वंशाच्या श्रेष्ठत्वाची कल्पना आणि स्वस्त मजुराची गरज या दोन्ही गोष्टी होत्या.
• १९४८ नंतर जन्मापासून मृत्यूपर्यंतचे जीवन कायद्याने विभागले गेले.
• शिक्षण नाकारणे हे सत्ता टिकवण्याचे साधन होते. शिक्षण मिळवणे हा प्रतिकाराचा भाग ठरला.
• लोकलढा, कामगारांचे संप, आर्थिक अडचणी, जागतिक बहिष्कार आणि वाटाघाटी यांच्या एकत्रित परिणामाने ही व्यवस्था कोसळली.
• कायदा बदलल्यावरही विषमता दूर करण्याचे काम उरतेच.

पाठान्त प्रश्न

१. ‘रंगाच्या तिटकाऱ्याहून मोठा होता तो स्वस्त मजुराचा लोभ’ हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
२. ओळखपुस्तिकेच्या सक्तीमुळे आफ्रिकी कुटुंबांवर कोणते परिणाम झाले?
३. रॉबेन बेटावरील कैद्यांनी शिक्षण कसे चालू ठेवले? त्यातून तुम्हांला काय जाणवते?
४. सत्य आणि समेट आयोगाच्या बाजूने व विरुद्ध प्रत्येकी दोन मुद्दे लिहा. तुमचे मत कारणांसह मांडा.
५. कायद्याने भेद नष्ट केला तरी समाजात तो शिल्लक राहतो, असे तुम्हांला वाटते का? आपल्या परिसरातील उदाहरण देऊन दहा ओळी लिहा.

उपक्रम

पाठात आलेल्या सालांची कालरेषा तयार करा. तिच्या दुसऱ्या बाजूला त्याच काळातील भारताच्या इतिहासातील घटना नोंदवा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (अ) सोने (आ) सात (इ) गोपाळ कृष्ण गोखले
२. (अ) १९५० (आ) विजय (इ) आफ्रिकी मुलांना मजुरीपुरतेच शिकवणे
३. (अ) चूक (आ) बरोबर (इ) चूक